कलदार मास्तरांच्या आईला

परभणी,
कोजागरीचा दुसरा दिवस, १९५२

प्रिय नर्मदामावशी,

अक्षर ओळखीचं नाही म्हणून छातीत धस्स झालं असेल, तर आधी एवढं वाचा : हणमंतराव बरे आहेत. आत्ताच जेवले. ज्वारीची भाकरी, वरण आणि माझ्या मायनं बळंच पाजलेलं दूध. मी लिहितेय तिथून ते दिसत नाहीत, पण ओसरीवरून त्यांचा आवाज ऐकू येतोय. माझ्या भावाला काहीतरी समजावून सांगताहेत. आवाज खणखणीत आहे. तुम्हाला तो ठाऊकच आहे.

मावशी म्हटलं, रागावू नका. कराडकडं अनोळखी वडीलधाऱ्या बाईला काय म्हणतात ते मी त्यांनाच विचारलं असतं, पण मग मी कुणाला लिहितेय ते त्यांना कळलं असतं. त्यांना वाटतंय, मी तुम्हाला एक कार्ड टाकलं आणि विषय मिटला. 'शाळेत कामं फार आहेत, दिवाळीला येणं होणार नाही, काळजी नसावी,' असं लिहायला त्यांनी मला सांगितलं होतं. मी कार्ड पुढ्यात घेतलंही. 'काळजी नसावी'पाशी आले आणि टाक पुढं जाईना. मला आई आहे. माझं असं कार्ड आलं असतं तर माझ्या मायनं त्याच रात्री गाठोडं बांधलं असतं.

ते सांगतात, तुम्ही चौथीपर्यंत शिकलात, पण तुमच्या मामंजींच्या शाळेतल्या वह्या तपासून तपासून तुमची नजर अशी झाली आहे की कुणाचंही पत्र आलं तरी चुकीच्या शब्दाखाली नखानं रेघ ओढता. ह्या पत्रात तुमचं नख पुष्कळ फिरेल. मी हे दुसऱ्यांदा उतरवून काढत नाही, कारण ते आजच्या टपालात पडलंच पाहिजे.

मी कोकिळा. किशनरावांची मुलगी. आमचं शेत पोखर्णीला, घर परभणीत. मी मुलींच्या शाळेत पहिलीला शिकवते. हणमंतरावांनी घरी माझ्याबद्दल काही लिहिलं असेल तर 'ती पत्रकं काढणारी' एवढंच लिहिलं असेल. ते खरं आहे आणि त्याची मला लाज नाही. तरी ते तुम्हाला नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडं निजामाच्या राज्यातल्या माणसाला मुल्की म्हणतात आणि बाहेरून आलेल्याला गैरमुल्की. निजाम गेला, तेव्हा आम्हाला वाटलं आता आमच्या पोरांना चांगले दिवस येतील. माझे आबा त्यासाठी जेलात बसून आले होते. पण सरकारला मराठीत शिकवणारे मास्तर हवे होते आणि आमची पोरं तर सगळी उर्दूत शिकलेली. माझा थोरला भाऊ वैजीनाथ उर्दू असं लिहितो की बघत राहावं. मराठी बोलतो तेही ऐकत राहावं. पण मराठी लिहायला बसला की अक्षरं एकमेकांवर पडतात. त्यानं मास्तरच्या जागेसाठी अर्ज केला, त्याला नाही म्हणाले, आणि त्या जागेवर कराडहून एक मास्तर आले. ते तुमचे हणमंतराव.

मग दादानं आणि आबांनी मुल्की कमिटी काढली. मागणी एकच : इथली जागा आधी इथल्या माणसाला. मावशी, ही मागणी मला तेव्हा बरोबर वाटत होती आणि आजही वाटते. घरात मराठी धड लिहिणारी मी एकटीच, कारण मामांकडं सेलूला राहून मी मराठी शाळेत शिकले. म्हणून पत्रकं मी लिहायची. आमच्याकडं शिळाछापावर पत्रक निघतं, म्हणजे माझ्याच अक्षरात सगळ्या गावभर चिकटतं.

पहिलं पत्रक चिकटलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना बघते तर मुलांच्या शाळेच्या भिंतीपाशी ही गर्दी. माझ्या पत्रकावर लाल शाईनं खुणाच खुणा. ही वेलांटीची, ती रफाराची. समासात 'परिच्छेद पाडा' असं लिहिलेलं. मी तशीच आत गेले आणि विचारलं, "माझ्या मजकुरावर शाई कुणी चालवली?"

तर हे खुर्चीतून उठून म्हणाले, "मजकुराला मी हात लावलेला नाही, बाई. मला हाकला म्हणताय ते जसंच्या तसं ठेवलंय. फक्त ऱ्हस्वदीर्घ बघितलं. भिंत शाळेची आहे, पोरं वाचतात."

मला इतका संताप आला की मी तशीच मागं फिरले. उत्तर घरी आल्यावर सुचलं, आणि ते द्यायला मी परत गेले. तिथून हे सुरू झालं. पुन्हा भर रस्त्यात लाल शाई नको म्हणून पुढच्या पत्रकाचा कच्चा मजकूर मी आधीच त्यांना दाखवला. दादाला आणि आबांना ह्याचा पत्ता नव्हता. तुमचा मुलगा स्वतःला हाकलण्याचं पत्रक डोळ्यांजवळ धरून वाचायचा आणि म्हणायचा, "हे 'तात्काळ' काढा. 'तत्काळ' लिहा." मग एकेका मुद्द्यावर भांडण. "सरकारनं बोलावलं म्हणून मी आलो. इथं मला कुणी खोली देत नव्हतं, घोड्याच्या पागेत राहिलो. आपण सगळे मराठीच बोलतो ना? मग मी परका कसा?" मी म्हणायची, "आमची माणसं जेलात होती तेव्हा तुमची माणसं शाळा शिकत होती. आता शिकलेले म्हणून तुम्ही वर. हा न्याय कुठला?" माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचायचं, आणि पोचलं की ते तसं कबूल करायचे. मग दुसरा मुद्दा काढायचे.

गावात त्यांना सगळे कलदार मास्तर म्हणायला लागले. आमच्याकडं निजामाचा हाली शिक्का चालायचा आणि तुमच्याकडं इंग्रजांचा कलदार रुपया, त्यावरून. हिणवायला काढलेलं नाव. ते हाकेला ओ द्यायला लागले, तेव्हा हिणवणाऱ्यांची मजा गेली.

मावशी, मी मुद्दाम हसण्यासारखं सांगतेय. पुढचं सांगायला मन धजत नाही म्हणून.

गणपती बसल्यावर कमिटीनं मोर्चा काढला. शाळेच्या वेशीला टाळं लावायचं आणि वर फलक बांधायचा, असं ठरलं. फलक मीच रंगवला होता. मोर्च्यात मी बायकांच्या पुढं होते. शाळेची वेस जुनी, पांढऱ्या मातीची, वर दगडी कमान. त्या पावसाळ्यात ती फुगली होती, पण आमचं कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं. दादाला दोघांनी खांद्यावर घेतलं आणि तो कमानीला दोरी बांधायला लागला. तेवढ्यात आतून हणमंतराव धावत आले. हात वर करून ओरडत होते, "उतरा! खाली उतरा!" लोकांना वाटलं, मास्तर फलक लावू देईना. ते जेवढे ओरडायचे तेवढ्या घोषणा वाढायच्या. मीही घोषणा देत होते, मावशी. त्यांच्या तोंडाकडं बघत देत होते. आणि मग त्यांचं तोंड बघता बघता मला कळलं की हा माणूस भांडत नाहीये, घाबरलाय. मी थांबले. बाकीच्यांना थांबवायला वेळ मिळाला नाही.

भिंत आवाज न करता बसली, असंच मला आठवतं. धूळ खाली आली तेव्हा दादा लांब फेकला गेलेला, नुसता खरचटलेला. त्याला ज्यानं ढकललं तो कमानीच्या दगडाखाली होता. सगळा नाही. उजवा हात.

आता रडू नका. जीवाला धोका नव्हता आणि आजही नाही. कुठं पाय, कुठं डोकं, दुसरीकडं काहीही लागलेलं नाही. सरकारी दवाखान्यात पलस्तर घातलं. तिथं डॉक्टरांनी विचारलं, ह्यांचं इथं कोण आहे? सगळा मोर्चा दवाखान्याच्या दारात उभा होता. माझे आबा पुढं झाले. म्हणाले, "लिवा. किशनराव. माझ्या घरी ऱ्हाईल." कमिटीतले आश्रुबा त्यांच्या कानाशी लागले, "आवो, गैरमुल्की हाय त्यो." आबा म्हणाले, "मला ठाव हाय. पत्रकं माझ्याच घरातून निगत्यात."

तेव्हापासून ते आमच्या ओसरीवर आहेत. माय त्यांना डाव्या हातानं जेवू देत नाही. म्हणते, अन्नाला डावा हात लावायचा नाही, मी भरवते. पण मायला दुपारी शेताकडं जावं लागतं, दादा घास अर्ध्यावरच खाली ठेवतो, आणि मी भरवावं असं कुणी म्हणणं शक्यच नाही. म्हणून दुपारी आबा भरवतात. मावशी, तुम्ही हे बघायला हवं होतं. मुल्की कमिटीचे अध्यक्ष मांडी घालून बसतात, दुधात भाकरी कुस्करतात आणि म्हणतात, "तुमी लोकांनी आमच्या पोरांच्या तोंडचा घास काढला," आणि घास तुमच्या मुलाच्या तोंडात घालतात. तो चावून होईस्तोवर तुमच्या मुलाला उत्तर देता येत नाही. आबांनी ही युक्ती ओळखली आहे. अवघड मुद्दा आला की मोठा घास करतात. संध्याकाळी मायला सांगतात, "माणूस लय चांगला हाय. मुद्दा चुकीचा हाय."

दादाचं निराळंच. तो बाजेच्या पायथ्याशी पाटी घेऊन बसतो आणि हणमंतराव त्याला मराठी लिहायला शिकवतात. आता ओसरीवर तेच चाललंय. तुमच्या मुलाची नेमणूक तात्पुरती होती, ती ह्या महिन्याच्या अखेरीस संपते असा हुकूम आला आहे. म्हणजे आमची मागणी मान्य झाली. कमिटीनं पेढे वाटले. आमच्या घरी आलेला पुडा अजून कोनाड्यात तसाच आहे. ती जागा दादाला मिळावी अशी खटपट चालू आहे आणि त्यासाठी त्याला मराठीची परीक्षा द्यावी लागेल. दादा म्हणाला, मी त्या खुर्चीवर बसणार नाही. तर हणमंतराव त्याच्यावरच चिडले. "बसणार नाही म्हणजे? मग माझा हात काय उगीच मोडला? जोडाक्षरं काढ."

आता ज्यावरून मला झोप नाही ते.

गेल्या आठवड्यात दुपारी जेवणं चालली होती. माय घरी होती, मी चुलीपाशी. नेहमीचा वाद रंगला होता आणि मीही आतून बोलत होते. मी म्हणाले, बाहेरून आलेल्या माणसाला सगळं सोपंच असतं, नोकरी घेऊन येतो, नोकरी गेली की आपल्या घरी जातो. तर ते घास गिळून तावातावानं म्हणाले, "सोपं? मग चला माझ्याबरोबर कराडला! चार वर्षं काढा तिथं! परक्या गावात राहणं म्हणजे काय ते कळेल तुम्हाला!"

मायनं माझ्याकडं बघितलं.

ते वादात बोलले होते. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले, पण 'तसं नव्हतं म्हणायचं' असं म्हणाले नाहीत. मी वाट बघत होते, म्हणतात का. म्हणाले नाहीत. आबांच्या हातात घास तसाच. आबा म्हणाले, "हे मुद्द्याला धरून न्हाई," आणि घास ताटात ठेवून बाहेर गेले.

गावात ही गोष्ट कशी फुटली देव जाणे. आश्रुबा येऊन ओट्यावर बसले आणि आबांना म्हणाले, "लोक म्हणायलेत, किशनरावानं जावई आणायचा म्हणून मास्तरला घरात ठिवला." आबांना हे फार लागलं. त्यांना सगळं चालतं, पण सार्वजनिक कामात घरचा फायदा बघितला असं कुणी म्हटलेलं चालत नाही. ते आत आले आणि बाजेसमोर उभे राहून हणमंतरावांना म्हणाले, "माझ्या वशिल्यानं तुमची नोकरी ऱ्हाणार न्हाई." ते म्हणाले, "राहिली असती तरी मी घेतली नसती." मग आबा माझ्याकडं वळले. "आन तू? तुझं काय? कमिटीत हायस का कराडला चाललीस?"

मी म्हणाले, "आबा, इथल्या जागा इथल्या पोरांना मिळाल्या पाहिजेत. आणि मला ह्यांच्याबरोबर जायचंय."

"दोन्ही कसं?"

"दोन्ही."

माय चुलीपाशी रडत होती आणि हसतही होती. आबा खाली बसले. बराच वेळ पागोट्याची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "तितं तुला कुनी वळकायचं न्हाई, पोरी." त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. माझ्या आबांना मी भ्यालेलं कधी पाहिलं नाही. जेलात जातानाही नाही.

मलाही भीती वाटते. तुमच्याकडच्या बायका नऊवारी कशा नेसतात, आमटीला काय म्हणतात, माझ्या बोलण्याला हसतात का, ह्याची वाटते. आणि तुमची वाटते. सर्वांत जास्त तुमची.

कारण एक गोष्ट मी अजून लिहिलेली नाही. परवा पलस्तर काढलं. हाड जुळलंय. पण उजव्या हाताची शेवटची तीन बोटं मिटत नाहीत आणि त्यांना चटका दिला तरी कळत नाही. डॉक्टर म्हणतात, मालिश करा, वर्षभरात काय होतं बघू. त्यांनी 'होईल' म्हटलं नाही. हणमंतरावांनी खडू हातात घेऊन बघितला. तो पडला. त्यांनी तो डाव्या हातानं उचलला आणि दादाला म्हणाले, "चल, कालचं शुद्धलेखन दाखव." दादा उठून परसात गेला आणि खूप वेळ आला नाही. म्हणून त्यांचं अक्षर तुम्हाला इतके दिवस दिसलं नाही, मावशी. कामं फार होती म्हणून नव्हे. डाव्या हातानं लिहिलेलं बघून तुम्ही ओळखाल, ह्याची त्यांना धास्ती होती. तुमच्यापासून हे लपवणं मला जमणारं नाही. ज्या मोर्च्यात हे झालं त्यात मी पुढं होते, हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. त्यांना लगेच शाळा मिळणं कठीण आहे. मी नोकरी करीन. तुमच्याकडं बाहेरून आलेल्या बाईला शाळेत घेतात का, तेवढं कुणाला तरी विचारून ठेवा.

आणि आजचंच टपाल का, ते ऐका. परवाच्या गाडीनं माझे आबा कराडला यायला निघताहेत. मनमाडला आणि पुण्याला गाडी बदलतील. निजामाच्या मुलखाबाहेर ते आजवर फक्त एकदा गेले आहेत, तेही पोलीस मागावर असताना. हणमंतरावांना सांगितलंय की पोखर्णीला शेतावर चाललोय. मी म्हटलं, माझी मागणी घालायला जाताय का? तर म्हणाले, "न्हाई. आधी त्या माउलीनं पोराला बगावं. मागनी मागून." ते तुम्हाला इकडं घेऊन यायला येताहेत, मावशी. दिवाळीला आमच्या घरी, तुमच्या मुलापाशी. पण आबांना वाकडंतिकडं बोलता येत नाही. ते दारात उभं राहून पहिल्याच वाक्याला 'तुमच्या पोराचा हात गेला' असं म्हणतील, आणि ते तुम्हाला एका परक्या पागोटेवाल्याकडून असं उंबऱ्यावर ऐकायला लागू नये, म्हणून हे पत्र त्यांच्या आधी पोचलं पाहिजे. त्यांना आधी पाणी द्या. ते मुल्की-गैरमुल्कीवर बोलायला लागले तर समजा की घाबरले आहेत. आणि राग आला तर तो त्यांच्यावर काढू नका, ते उलट बोलणार नाहीत आणि ते मला बघवणार नाही. राग माझ्यासाठी बरोबर घेऊन या. मी परभणी स्टेशनवर उभी असेन. नको म्हणायचं असेल तर तिथंच माझ्या तोंडावर म्हणा, मी ऐकून घेईन. पण या, मावशी. ते झोपेत तुम्हाला हाका मारतात.

तुमचीच,
कोकिळा